बाईकचा अलार्म रात्री उगाच वाजतो आणि सकाळी बॅटरी बसलेली असते: कारण कसं शोधायचं, आणि मुळात कोणता अलार्म घ्यायचा

तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच असते. बाईकला रिमोटचा अलार्म बसवला, पहिला आठवडा बरा गेला. मग रात्री कुणी हात न लावता सायरन वाजायला लागला, दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागेना. सोसायटीत कुरबूर सुरू झाली आणि मालकाने अलार्म कायमचा बंद करून टाकला. अलार्म रोज उगाच वाजत असेल तर खरोखर चोर आला त्या दिवशीही खिडकीतून कुणी डोकावत नाही. म्हणून हा दोष सहन करत बसू नये.

आवाजाची आणि बॅटरीची अशा दोन वेगळ्या तक्रारी असल्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. अलार्मच्या डब्यातलं सर्किट ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेलं की गडबडतं आणि नव्याने सुरू होतं. स्वस्त डबे असे सुरू होताना थेट सायरन वाजवतात. ज्या सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, तो तर मुख्य व्होल्टेज पडलं की ‘कुणीतरी वायर तोडली’ असं समजून ओरडतो. म्हणजे बॅटरी आधी उतरते आणि अलार्म नंतर वाजतो. पुढे वाजण्यामुळे बॅटरी आणखी उतरते: दहा-दहा वॅटचे चार इंडिकेटर बल्ब मिळून साधारण ३.३ अँपिअर, वर सायरनचा अर्धा-पाऊण अँपिअर, म्हणजे वाजतानाचा खर्च ४ अँपिअरच्या आसपास. तीस सेकंदांचा सायरन रात्रीत दहा वेळा वाजला तर पाच मिनिटांत जास्तीत जास्त ०.३३ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) जातात. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांची आख्खी बॅटरीच ३ ते ४ अँपिअर-अवरची असते.

कधी वाजतो ते आधी लिहून ठेवा

मीटर हातात घेण्याआधी दोन-तीन रात्री वेळ टिपा. वेळेवरून अर्धं निदान होतं.

गाडी लावल्यापासून अर्ध्या तासात वाजत असेल तर इंजिन आणि सायलेन्सर थंड होताना जे टकटक आवाज येतात, ते अलार्मच्या धक्का ओळखणाऱ्या सेन्सरला पोचताहेत; डबा इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या जवळ बांधलाय. मध्यरात्रीनंतर कधीतरी, कसलाही आवाज-धक्का नसताना वाजत असेल तर संशय व्होल्टेजवर. पावसातच किंवा गाडी धुतल्यावरच वाजत असेल तर कपलरमध्ये (वायरी एकमेकींत अडकवायच्या प्लास्टिकच्या जोडात) पाणी. ट्रक गेला, शेजारची बुलेट सुरू झाली, ढोल-ताशाचं पथक गेलं की वाजत असेल तर सेन्सरची संवेदनशीलता जास्त आहे. वारा सुटला की वाजत असेल तर गाडीवरचं कव्हर फडफडतंय. ते खालून पट्ट्याने आवळा, बाकी काही करावं लागणार नाही.

बॅटरी आणि चार्जिंग तपासा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी, चावी बंद ठेवून, टर्मिनलवर मोजा. १२.६ किंवा जास्त असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरीच थकली आहे; तिच्यावर कोणताही अलार्म नीट चालणार नाही. मग इंजिन चालू करून तीन-चार हजार आरपीएमवर पाहा: १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. कमी असेल तर दोष बॅटरीला योग्य व्होल्टेज देणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचा किंवा इंजिनमध्ये वीज तयार करणाऱ्या स्टेटरचा आहे. अलार्मला दोष देण्याआधी तो काढा.

रोजचा वापर किती, हेही बघा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच असतो. दहा मिनिटांचं ऑफिस, वाटेत चार सिग्नल, दोन वेळा सेल्फ, अशा वापरात बॅटरीत परत फारसं काही भरलं जात नाही. रात्रभर अलार्मने खाल्लेलं तिथे भरून निघत नाही आणि तूट रोज थोडी थोडी वाढत जाते.

अलार्म उभ्या गाडीत किती करंट खातो ते मोजा

सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप हेच, आणि तेच कुणी करत नाही.

१. सायरनचा कपलर काढून ठेवा, नाहीतर मधेच कानाशी वाजेल.
२. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. नेहमी निगेटिव्हच आधी. पॉझिटिव्ह सोडताना पाना फ्रेमला टेकला तर शॉर्ट होतो.
३. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. एक टोक सोडलेल्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला.
४. रिमोटने लॉक करा आणि पाच मिनिटं थांबा. डबा झोपेच्या अवस्थेत जायला वेळ लागतो. पहिला आकडा धरू नका.
५. आकडा ०.२० अँपिअरपेक्षा कमी असेल तरच मिलीअँपिअरच्या (अँपिअरचा हजारावा भाग) रेंजवर या आणि पुन्हा वाचा. रेंज बदलताना जोड तुटतो, त्यामुळे पुन्हा लॉक करून पुन्हा थांबावं लागेल.
६. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल.

मग अलार्मचा फ्यूज काढून तेच मोजा. गाडीचा स्वतःचा खर्च साधारण एक-दोन मिलीअँपिअरच्या आत असतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे अलार्मचा खर्च.

आता हिशेब. बॅटरीची निम्मी क्षमता संपेपर्यंतचे दिवस काढायचे. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत निम्मे म्हणजे २००० मिलीअँपिअर-अवर. अलार्म २० मिलीअँपिअर खात असेल तर १०० तास, म्हणजे जेमतेम चार दिवस. ५ खात असेल तर ४०० तास, म्हणजे सोळा दिवसांहून जास्त. ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तेच २० मिलीअँपिअर आठ दिवस निघतात, म्हणून तोच अलार्म साडेतीनशे सीसीच्या गाडीवर तक्रार न करता चालतो आणि शंभर सीसीवर रडवतो. बॅटरी दोन-तीन वर्षांची जुनी असेल तर हे दिवस निम्मे धरा.

ढोबळ मानाने, लहान बॅटरीला ५ मिलीअँपिअरपर्यंत उत्तम, रोज चालणाऱ्या गाडीला १० पर्यंत खपतं, १५-२० ला त्रास ठरलेला. आणि आकडा १०० च्या पुढे गेला तर पुढचा भाग नीट वाचा.

शंभरच्या पुढे आकडा म्हणजे रिले

इंजिन बंद पाडणाऱ्या अलार्ममध्ये १२ व्होल्टचा पाच पायांचा रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच असतो. त्याच्या कॉइलला साधारण १५० मिलीअँपिअर लागतात. बरेच वायरिंगवाले हा रिले असा जोडतात की गाडी लॉक केल्यापासून कॉइल सतत ओढलेली राहते. आठ तासांच्या रात्रीत १.२ अँपिअर-अवर गेले. चारच्या बॅटरीतून रात्रीत जवळपास तिसरा हिस्सा! रिलेला हात लावून बघा, उभ्या गाडीत तो कोमट लागत असेल तर खात्रीच.

दुरुस्ती सोपी आहे. कॉइलचा ८६ नंबरचा पाय बॅटरीच्या कायम पॉझिटिव्हवरून काढून चावीनंतरच्या वायरवर (चावी चालू केली तरच जिच्यात करंट येतो ती) घ्या. ८५ नंबर अलार्मच्या त्या वायरला, जी लॉक असताना निगेटिव्ह देते. इग्निशनकडे जाणारी वायर कापून तिचं चावीकडचं टोक ३० ला आणि इंजिनकडचं ८७ए ला. ८६ ची जोडणी मात्र त्या कापाच्या आधी, चावीच्या बाजूलाच हवी. आता गाडी नुसती उभी असताना रिले काहीच खात नाही. कुणी कपलर ओढून गाडी डायरेक्ट, म्हणजे चावीशिवाय सुरू, करायला गेलं की त्या वायरीत करंट येतो, कॉइल ओढली जाते आणि इग्निशन तुटतं. दुसरा फायदा याहून मोठा आहे: अलार्म बिघडला किंवा त्याचा फ्यूज गेला तरी रिले विसावलेलाच राहतो आणि गाडी चालू शकते. कॉइलच्या दोन पायांवर एक ४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, पट्टीची बाजू ८६ कडे. त्याशिवाय रिले सुटतानाचा झटका अलार्मच्या डब्यात जातो.

हे झालं कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांचं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, जिथे फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आहे, तिथे इग्निशनची वायर कापू नये. ईसीयूला मिळणारा करंट जुनाट जोडामुळे क्षणभर जरी तुटला तरी गाडी चालताना झटके खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि वॉरंटीत नेली तर कापलेल्या वायरिंगकडे बोट दाखवलं जातं. अशा गाडीला एकतर इंजिन न तोडणारा, फक्त वाजणारा अलार्म लावा, किंवा त्या मॉडेलच्या कपलरमध्ये थेट बसणारा, कंपनीच्या ॲक्सेसरीत मिळणारा घ्या.

रिले कसाही जोडलेला असो, एक चाचणी चुकवू नका. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. आता रिमोटचं लॉक बटण दाबा. इंजिन बंद पडलं तर तो अलार्म त्याच दिवशी काढा. खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि हायवेवर, मागे ट्रक असताना गाडी बंद पडली तर काय होईल ते सांगायला नको. चांगला डबा चावी चालू असताना लॉक व्हायला नकार देतो.

सेन्सर: डबा कुठे आणि कसा बांधलाय

सीटखाली जागा दिसली तिथे डबा कोंबून द्यायचा, ही सर्रास पद्धत आहे. लोंबकळणारा डबा प्रत्येक हादऱ्याला डुलतो आणि वाजतो. स्पंजात गुंडाळला तर उलटं होतं, गाडी हलवली तरी कळत नाही. डबा फ्रेमच्या नळीवर, खाली सायकलच्या ट्यूबची एक पातळ पट्टी ठेवून, दोन केबल टायने घट्ट आवळायचा. इंजिनपासून आणि मडगार्डच्या पत्र्यापासून दूर.

संवेदनशीलता सगळ्यात कमीवर आणा आणि तिथून एकेक पायरी वाढवा. सीटवर पंजाने हलकं थोपटलं तर वाजू नये. साइड स्टँडवरून गाडी उभी केली किंवा लॉक केलेलं हँडल जोरात दाबलं तर वाजलंच पाहिजे. हँडल लॉक जोर लावून तोडणं ही चोरीची नेहमीची पहिली पायरी आहे, तेव्हा सेन्सर नेमका त्या धक्क्याला जागा हवा. ही चाचणी गाडी रोज उभी राहते त्याच जागी करा. फरशीच्या पार्किंगमध्ये लावलेली सेटिंग मातीच्या अंगणात चालत नाही.

काही अलार्म गाडीचा कल बदलला की वाजतात. टेम्पोत उचलून नेणाऱ्यांविरुद्ध हे उपयोगी आहे, पण पावसाळ्यात साइड स्टँड मातीत हळूहळू रुतला तरी ते वाजतात. स्टँडखाली फरशीचा तुकडा किंवा फळी ठेवा, नाहीतर मेन स्टँडवर लावा. गणपती-दिवाळीच्या दिवसांत, सुतळी बॉम्ब फुटत असताना, धक्क्याचा सेन्सर बंद ठेवून फक्त चावी फिरवल्यावर वाजण्याची सोय असेल तर ती वापरा.

वायर, अर्थ, पाणी

नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेले जोड एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढत नाहीत. उन्हात टेपचा गोंद सुटतो, मग पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि जोड कधी लागतो, कधी सुटतो. जोड असा सुटला की प्रत्येक वेळी अलार्मला वायर तोडल्यासारखंच वाटतं. सगळे जोड सोल्डर करा, वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. निगेटिव्ह रंगवलेल्या बोल्टवर देऊ नका. रंग खरवडा किंवा सरळ बॅटरीला द्या.

वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. होंडाच्या पद्धतीत लाल बॅटरीची, काळी चावीनंतरची पॉझिटिव्ह आणि हिरवी अर्थची. यामाहात काळी म्हणजे अर्थ आणि चावीनंतरची तपकिरी. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर तोच रंग धरून जोडतो आणि फ्यूज उडतो. प्रत्येक वायर मीटरने बघूनच जोडा.

सायरनचं तोंड खाली, डब्याचे कपलर खाली, आणि डब्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. कोकणात, घाटात राहणाऱ्यांनी कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं) भरावं. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा सीटखाली मारू देऊ नका.

रिमोट मध्येच काम करत नाही

अगदी जवळून चालतो, लांबून नाही: रिमोटचा सेल. बहुतेकांत १२ व्होल्टचा २७ए किंवा २३ए असतो. दोन्ही लांबीला सारखे दिसतात पण २७ए बारीक आहे, दुकानात जुना सेल घेऊन जा. सेल नवा आणि तरी पल्ला नाही: डब्यातून निघालेली एकटी, कुठेच न जोडलेली बारीक वायर शोधा. ती अँटेना. ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटला तिची लांबी साधारण १७ सेंटिमीटर असते. जास्तीची वायर समजून ती कापली जाते किंवा गुंडाळून फ्रेमला बांधली जाते. सरळ, लोखंडापासून थोडी सुटी ठेवा.

नवा घ्यायचा असेल तर

दुकानदार सायरन वाजवून दाखवतो आणि खोक्यावर १२५ डेसिबल लिहिलेलं असतं. तो आकडा किती अंतरावर मोजला ते लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. तुम्ही विचारायचं ते असं: उभ्या गाडीत किती मिलीअँपिअर खातो? खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर हा आकडा नसेल तर घेऊ नका, किंवा बसवल्यावर वर सांगितल्याप्रमाणे मोजून देण्याच्या बोलीवर घ्या. रिमोटचा कोड दर वेळी बदलणारा आहे का? ठरलेल्या कोडचा रिमोट कॉपी करता येतो. पहिल्या हलक्या धक्क्याला फक्त दोन-तीन चिवचिव आणि लगेच दुसरा धक्का बसला तरच पूर्ण सायरन, असे दोन टप्पे आहेत का? उगाच वाजण्याचा अर्धा त्रास या एका सोयीने जातो. तीस सेकंदांनंतर आपोआप थांबून पुन्हा लॉक होतो का? रिमोट हरवला तर गाडी कशी सोडवायची?

सायरन गाडीच्या हॉर्नला मात्र जोडून घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ प्रमाणे वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही.

रिमोटने गाडी सुरू करण्याची सोय नको. गाडी गिअरमध्ये असेल तर ती साइड स्टँडवरून पुढे उडी मारते, कारण हे किट न्यूट्रल आणि क्लचचे स्विच वगळून सेल्फला करंट देतं. आणि चावीशिवाय इग्निशन चालू करणारी तयार वायर आपण स्वतःच गाडीत ओढून ठेवतो, ती ज्याला सापडेल त्याची सोय होते.

बॅटरी ३-४ अँपिअर-अवरची, गाडी इंजेक्शनची, वापर आठवड्यातून दोनदा: अशा वेळी वायरवाला अलार्म घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी अलार्म असलेलं डिस्क लॉक घ्या. ते स्वतःच्या सेलवर चालतं, बरेचदा सहा एलआर४४ किंवा एक सीआर२, आणि गाडीच्या बॅटरीला हात लावत नाही. पुढच्या चाकाला डिस्क हवी, एवढीच अट. डिस्कपासून हँडलपर्यंत येणारी आठवणीची रंगीत तार रोज लावा. ती नसताना विसरून गाडी काढली की कॅलिपर आणि मडगार्डचं नुकसान होतं. ड्रम ब्रेक असेल तर अलार्मचं कुलूप आणि साखळी, तीही चाकातून नुसती ओवून नाही, खांबाला किंवा ग्रिलला अडकवून. उचलून नेणाऱ्याला अडवते ती साखळीच.

विम्याचं थोडक्यात: फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवल्यास प्रीमियममध्ये छोटी सवलत मिळू शकते, बसवण्याआधी आपल्या कंपनीला विचारा. गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या जपून ठेवा, दाव्याच्या वेळी त्या मागतात.

गावी पंधरा दिवस जायचं असेल तर अलार्मचा भरवसा धरू नका. अलार्मचा फ्यूज काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, साखळी किंवा डिस्क लॉक लावा. परत आल्यावर आधी निगेटिव्ह, मग सायरनचा कपलर काढून ठेवून फ्यूज, रिमोटने अनलॉक, आणि कपलर शेवटी. सायरनला स्वतःची बॅटरी नसेल तर या क्रमाने जोडल्यावर तो वाजत नाही.